पेत्र्युस : निळी माती, मेर्लो आणि मादाम लुबांनी न उपटलेली बाग

गारोनकाठ

तुलूझमध्ये राहायला येऊन मला आठ वर्षं झाली. आमच्या घराजवळून वाहणारी गारोन नदी पुढे बोर्दोला जाते, तरी बोर्दोच्या द्राक्षबागा नीट पाहायचं राहूनच गेलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्ही लिबूर्नला दोन दिवस मुक्काम केला. दोर्दोन्य नदीकाठचं हे जुनं बंदर बोर्दोपासून तीसेक किलोमीटरवर आहे. तिथून मी एकटीच सायकल घेऊन पोमरोलला गेले.

पोमरोल म्हणजे गाव म्हणावं असं काही नाहीच. एक उंच मनोऱ्याचं चर्च, विखुरलेली घरं आणि बाकी सगळ्या बागा. पूर्ण टापू जेमतेम ८०० हेक्टरांचा. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पानं गळून गेली होती, नुसत्या काड्या उरल्या होत्या. सायकल बाजूला उभी करायला मी कडेच्या मातीवर पाय टाकला आणि बूट रुतला. काढला तर तळाला चार बोटं जाड चिखल. चिमूटभर बोटांत घेऊन चोळला, तर साबणासारखा गुळगुळीत. वळून गोळी केली, ती फुटेना.

माझं माहेर परभणीचं. आजोबांच्या काळ्या रानात पावसाळ्यात शिरलं की चप्पल किलोभर जड व्हायची आणि शेवटी हातात घेऊन चालावं लागायचं. फ्रान्समध्ये एवढी वर्षं काढली, पण पायाखाली तसं काही पहिल्यांदाच आलं.

समोर होती ती पेत्र्युसची बाग. जगातल्या सगळ्यात महाग रेड वाइनांपैकी एक इथे होते आणि ती जवळजवळ निव्वळ मेर्लो द्राक्षाची असते. पूर्वी थोडं काबेर्ने फ्रां हे दुसरं द्राक्ष मिसळत असत, आता तेही नाही. बाग साडेअकरा हेक्टरांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने २८ एकर. वर्षाला साधारण ३० हजार बाटल्या निघतात. बोर्दो म्हटलं की डोळ्यांसमोर राजवाडे येतात, इथे तसला राजवाडा नाही. साधीशी इमारत, आणि किल्ली हातात घेतलेला संत पीटर. पेत्र्युस हे त्याच्याच नावाचं लॅटिन रूप. लेबलवर 'शातो' हा शब्दसुद्धा नाही.

हे परत आल्यावर वाचायला घेतलं आणि थांबताच येईना. त्यातल्या दोन गोष्टींबद्दल मला इथे लिहायचं आहे.

पहिली माती. पोमरोलच्या पठारावर बहुतेक ठिकाणी वर गोटे-वाळू आणि खाली चिकणमाती आहे. पठाराच्या माथ्यावर मात्र वीसेक हेक्टरांचा एक तुकडा असा आहे, जिथे ही चिकणमाती थेट पृष्ठभागापर्यंत वर आली आहे. तिथले लोक त्याला 'बुतोनिएर' म्हणतात, म्हणजे गुंडीचं काज. सदऱ्याचं कापड फाकून आतलं अस्तर दिसावं तशी गोट्यांची चादर फाकून माती दिसते. खाली खणलं की ती निळसर होते. पेत्र्युसची बाग जवळपास सगळी या काजावर आहे. शेजाऱ्यांपैकी काहींच्या वाट्याला त्याची कड आली, काहींच्या वाट्याला काहीच नाही. शे-दोनशे मीटर चाललं की गोटे सुरू होतात आणि वाइनचा स्वभाव बदलतो.

दुसरी गोष्ट मादाम लुबांची. लिबूर्नमध्ये त्यांचं हॉटेल होतं. पेत्र्युस तेव्हा आर्नो कुटुंबाचं होतं आणि त्याच्या मालकीचे भाग (शेअर) काढलेले होते. १९२५पासून मादाम लुबांनी ते थोडे थोडे विकत घेतले आणि १९४०च्या दशकात सगळी बाग त्यांची झाली. बोर्दोचे बडे व्यापारी तेव्हा पोमरोलकडे ढुंकून बघत नव्हते. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनांची जी प्रसिद्ध प्रतवारी झाली तिच्यात रेड वाइन सगळ्या बोर्दोच्याच मेदोक भागातल्या, फक्त ओ-ब्रियों तेवढी बाहेरची. पोमरोलचं नाव कुठेच नव्हतं. आजही पोमरोलला अधिकृत प्रतवारी नाही. म्हणजे पेत्र्युस कोणत्याही यादीत पहिलं नाही. मादाम लुबांचं म्हणणं मात्र एकच, की आमची वाइन मेदोकच्या पहिल्या प्रतीच्या तोडीची आहे आणि भावही तोच हवा. १९४०च्या दशकात लिबूर्नचे व्यापारी ज्यां-पिएर म्वेक्स यांनी ती विकायचं काम घेतलं, आणि दोघांनी मिळून ते खरं करून दाखवलं.

मग आला फेब्रुवारी १९५६. जानेवारी उबदार गेला होता, वेलींत रस चढायला लागला होता, आणि अचानक पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास गेला. ती थंडी कित्येक दिवस हटली नाही. पोमरोल आणि सेंत-एमिलियोंमधल्या बागाच्या बागा मेल्या. बहुतेकांनी वेल उपटले आणि नव्याने लागवड केली. तोच शहाणपणाचा सल्ला होता. मादाम लुबांनी नकार दिला. वरचं खोड मेलं असेल, मूळ जिवंत आहे, असं म्हणून त्यांनी वेल खालून कापायला लावले आणि जुन्या मुळांवर पुन्हा कलमं केली. पुढची काही वर्षं पीक फारच थोडं आलं असणार. वय झालं होतं, मूलबाळ नव्हतं. १९६१ साली त्या गेल्या, तेव्हा तो नवा फुटवा अजून कोवळाच होता.

आजोबांनी १९७२च्या दुष्काळात मोसंबीची झाडं तोडू दिली नव्हती, असं आई सांगते. म्हणून ही गोष्ट मला इतकी लागली असेल. इथे द्राक्षबागायतदार आहेत, माती जाणणारे आहेत. मला दोन्ही विषयांतलं फारसं कळत नाही, माझं काम विमानातल्या वायरिंगचं. बोला.

---

दिंडोरीचा_बागायतदार

ताई, फार मनापासून लिहिलंय. एक शंका मात्र पहिल्यांदा वाचल्यापासून डोक्यात आहे. आमच्याकडे कुणी भारी काळ्या जमिनीत द्राक्ष लावतो म्हणाला तर गावातली जाणती माणसं त्याला दहादा विचार करायला सांगतील. पाणी साचतं, पांढरी मुळी कुजते, वेल पिवळा पडतो. आम्ही मुरमाड, निचऱ्याची जमीन शोधतो, गादीवाफे करतो, डॉगरिज जातीच्या खुंटावर (म्हणजे मुळाकडच्या भागावर) कलम करतो. आणि जगातली सगळ्यात भारी मेर्लो चिकणमातीत? तिथे ऑक्टोबरात पाऊस नाही का?

---

गारोनकाठ

आहे ना दादा, अटलांटिक जवळ आहे, पाऊस बारा महिने. हाच प्रश्न मलाही पडला होता. जे समजलं ते असं, की ही माती ओली झाली की इतकी फुगते की तिच्या फटी मिटून जातात आणि वरचं पाणी आत उतरतच नाही. जागा माथ्यावर आहे, चहूबाजूंनी हलका उतार आहे, त्यामुळे जास्तीचं पाणी वरच्या वर वाहून जातं. मुळांना खाली घुसायला जागा नाही, ती वरच्या थरातच पसरतात. उन्हाळ्यात शेजारचे गोटे कोरडे ठाक होतात तेव्हा ही माती धरून ठेवलेलं पाणी थेंब थेंब देत राहते. वेल तहानेने मरतही नाही आणि माजतही नाही.

आणि ठिबक नाही. नेहमीच्या वर्षी फळावर आलेल्या बागेला पाणी द्यायला तिथे परवानगीच नसते. २०२२च्या दुष्काळात पोमरोलसकट काही भागांना तेवढ्यापुरती सवलत मिळाली होती.

---

दिंडोरीचा_बागायतदार

ठिबकशिवाय २८ एकर. डोळ्यांसमोर येत नाही हो. म्हणजे सगळा खेळ जमिनीच्या ओलीवर, आमच्या रब्बीच्या शाळूसारखा.

---

मृदगंध

शाळूची उपमा अगदी नेमकी आहे. मी मृदाशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबवतो.

धागाकर्तीला परभणी आठवली ते उगीच नाही. पेत्र्युसच्या मातीतला मुख्य चिकण खनिजांचा गट म्हणजे स्मेक्टाइट. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीतही तोच. या खनिजाची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते, एकावर एक पातळ थर. पाणी या थरांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं, म्हणून माती फुगते. वाळली की थर जवळ येतात आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जन्म मात्र वेगळा. आपली काळी जमीन बेसॉल्ट झिजून झाली, तिथला चिकणथर जुन्या गाळाचा आहे. कूळ एक, घराणी दोन.

निळा रंग कसला, असं कुणी विचारण्याआधी सांगतो. लोह. हवा लागते तिथे लोह तांबडं-पिवळं दिसतं, कारण त्याचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं. जिथे थर इतका घट्ट की हवा पोचत नाही, तिथे तेच लोह निळसर-हिरवट राहतं. म्हणून हा निळा रंग म्हणजे 'इथे हवा नाही' अशी पाटी आहे. मुळं त्याच्या वर का थांबतात ते यावरून कळेल.

आपल्याकडे हीच माती द्राक्षाला का नको? दोन कारणं. एक, आपली काळी जमीन बहुधा सखल आणि सपाट भागात खोल साचलेली असते, पाण्याला जायला वाट नसते. दुसरं म्हणजे पाऊस. आपला सगळा चार महिन्यांत कोसळतो, त्यांचा वर्षभर विभागून येतो. माती चांगली की वाईट हा प्रश्न एकट्या मातीला विचारता येत नाही. ती कुठे बसली आहे आणि तिच्यावर आकाश कोणतं आहे, हे सोबत विचारावं लागतं. काजाच्या जागी ती माती खड्ड्यात असती तर तिथे कुणी वेल लावला नसता.

---

साखरवेल

धागा सुरेख. वाचतेय.

मेर्लो नावाबद्दल थोडं. फ्रेंचमध्ये 'मेर्ल' म्हणजे ब्लॅकबर्ड, आपला कस्तूर पक्षी. त्यावरून मेर्लो. द्राक्षाच्या निळसर-काळ्या रंगावरून म्हणा किंवा हे पक्षी पिकलेले मणी आधी फस्त करतात म्हणून म्हणा, दोन्ही सांगितलं जातं. आणि या द्राक्षाच्या आईचा शोध तर कादंबरीसारखा आहे. बाप काबेर्ने फ्रां हे आधी कळलं होतं, आई सापडत नव्हती. ती सापडली ब्रिटनीतल्या एका गावात, कुणीच लावत नसलेल्या वेलीच्या रूपात. नंतर शारांत भागात तसेच थोडे वेल मिळाले, शेतात नाही, घरांच्या दारापुढे मांडवावर चढवलेले. तिथली माणसं तिला 'मादलेन' म्हणायची, कारण ती २२ जुलैच्या संत माग्दलेनच्या सणाच्या सुमारास पिकते. शास्त्रज्ञांनी नाव दिलं माग्दलेन न्वार दे शारांत. मेर्लो लवकर पिकते ती आईवर गेली म्हणूनच.

काबेर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या प्रसिद्ध द्राक्षाचा बापही काबेर्ने फ्रांच, म्हणजे ही दोघं सावत्र भावंडं. आणि मालबेक हे द्राक्ष आईकडून सावत्र. दारच्या मांडवावरच्या एका वेलीने जगाला दोन द्राक्षं दिली आणि तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. मला हे वाचून भरून आलं होतं.

---

दिंडोरीचा_बागायतदार

साखरवेलताई, ही माहिती लाखमोलाची. लवकर पिकते म्हणजे लवकर फुटत पण असणार, आणि लवकर फुटली की थंडीत सापडली. १९५६चं कोडं मला आता उलगडलं.

मादाम लुबांनी केलं ते आम्ही करतो, फक्त कारण वेगळं. बाजारात वाण बदलला की जुनी बाग मुळासकट न काढता खोड खालून कापायचं आणि त्याच खुंटावर नव्या वाणाचं कलम बांधायचं. मूळ तयार असतं, त्यामुळे फूट अशी जोरात येते की बांधून बांधून हात दुखतात. नव्या लागवडीपेक्षा लवकर फळ मिळतं. पण जोखीम आहे. कलम धरलं नाही तर खुंटही जातो आणि वर्षही.

२०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस नाशिकवाल्या कुणीच विसरणार नाही. छाटण्या झालेल्या, बागा फुलोऱ्यात, आणि पाऊस थांबेना. डाउनी या रोगाने आमचा एक प्लॉट पूर्ण गेला, घड नुसते करपून लोंबत होते. एका जाणत्या माणसाने सांगितलं, बाग मोडा, मका लावा, निदान कर्जाचा हप्ता तरी निघेल. वडील रात्री बॅटरी घेऊन प्लॉटमध्ये गेले. मी मागोमाग. त्यांनी कोयत्याने एका खोडाची साल खरवडली, आत हिरवी होती. दुसऱ्याची, तिसऱ्याची. मग म्हणाले, "मुळं आपल्यावर रुसलेली नाहीत." एप्रिलला खरड छाटणी केली, वर्ष फुकट गेलं, पण तो प्लॉट आज उभा आहे.

म्हणून त्या बाईंचा निर्णय किती अवघड होता ते मला कळतं. आसपास सगळे उपटत असताना एकट्याने न उपटणं फार अवघड.

---

गारोनकाठ

दादा, हे वाचून उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन वाचलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

---

अरबी_समुद्र

इथे लिहायचं की नाही, विचार करत होतो, कारण विषय शेतीकडे छान गेलाय. पण पेत्र्युस प्यायलेलं कुणी इथे नसेल तर माझं सांगतो.

मी मडगावचा. बारा वर्षं आखातातल्या एका मोठ्या हॉटेलात वाइन वाढण्याचं काम केलं. तेवढ्या काळात पेत्र्युस तीनदा उघडलं, आणि एकदा ते माझ्या हातून. १९९८ची बाटली होती. त्या वर्षी मेर्लो वेळेत पिकून तोडली गेली आणि मग पाऊस आला, त्यामुळे डाव्या काठावरचं, म्हणजे मेदोककडचं, काबेर्ने पावसात सापडलं आणि पोमरोलचं साधलं. जाणकार ते वर्ष मागून घेतात.

बूच काढताना माझा श्वास अडकला होता. जुनं बूच मध्येच तुटलं तर ती लाज जन्मभर पुरते. पाहुणे वयस्कर गृहस्थ होते, एकटेच. त्यांनी पहिला ग्लास घेतला, बराच वेळ नुसता वास घेतला आणि मग मला म्हणाले, तूही एक ग्लास आण. आमच्या कामात पाहुण्यासोबत पीत नाहीत, फक्त तपासण्यापुरता घोट घेतात. मी व्यवस्थापकाकडे बघितलं, त्यांनी मान हलवली.

आधी वास आला तो फळाचा नव्हता. पहिल्या पावसानंतर अंगणातली माती, ओलं पान, आणि त्या मागून पिकलेल्या आलुबुखारासारखं काहीतरी. तोंडात घेतल्यावर वाटलं, हिला कडाच नाहीत. मेदोकच्या तरण्या काबेर्नेत जिभेच्या कडांना जो तुरटपणा धरतो, कच्च्या सुपारीसारखा, तो इथेही होता पण मऊ, मखमली. गिळल्यावर मी ट्रे घेऊन आत गेलो, दोन टेबलांच्या ऑर्डरी घेतल्या, तरी ती चव तोंडात होती.

काज, माती, मुळं हे मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. आज मृदगंध यांचं वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं, की मला पहिला वास मातीचा आला होता.

---

अनामिका_ठाणे

सगळ्यांचेच प्रतिसाद वाचनीय. माझा प्रश्न सरळ आहे, कुणी रागावू नका. एका बाटलीची किंमत लाखांच्या घरात. साडेसातशे मिलिलिटर द्राक्षाच्या रसाला एवढे पैसे द्यावेत असं त्यात काय आहे? माती फार तर किती फरक करेल?

---

अरबी_समुद्र

ताई, रागवायचं काय, हा प्रश्न आम्हीही एकमेकांना विचारायचो. माझं प्रामाणिक मत सांगतो. चवीच्या मोजमापात ती दुसऱ्या उत्तम पोमरोलपेक्षा पन्नास पट चांगली नाही, तसं असणं शक्यच नाही. वरचे पैसे दुर्मीळपणाचे आहेत. ३० हजार बाटल्या आणि मागणारं सगळं जग. त्यातल्या कित्येक बाटल्या कधी उघडल्याच जात नाहीत, लिलावातून लिलावात फिरतात. मला याचं वाईट वाटतं. ती पिण्यासाठी केलेली वस्तू आहे.

पण बागेत जे काम होतं ते खोटं नाही. १९९१ला थंडीने पीक गेलं, उरलेलं मनासारखं नव्हतं, तर त्या वर्षी पेत्र्युस काढलंच नाही. एका वर्षाची सगळी कमाई सोडून द्यायची, याला काय म्हणाल?

---

गारोनकाठ

बागेतल्या कामाचं थोडं मी जोडते. मादाम लुबांच्या मागे भाची आणि भाचा असे दोन वारस होते. १९६४ला म्वेक्स यांनी भाच्याचा भाग घेतला, आणि त्याच वर्षी ज्यां-क्लोद बेरुए नावाचे तरुण वाइनतज्ज्ञ कामाला लागले. ते थेट २००७पर्यंत राहिले, त्यानंतर त्यांचा मुलगा ओलिव्हिए. साठेक वर्षांत दोनच माणसं, तीही बापलेक. १९६९ला शेजारच्या गाझें बागेची चार-पाच हेक्टर जमीन जोडली गेली, आजचा आकार तेव्हा आला.

तोडणी दुपारी करतात, सकाळचं दव मण्यांवर राहू नये म्हणून. बाग लहान आणि माणसं पुष्कळ, त्यामुळे नेमका दिवस साधता येतो. रस आंबतो सिमेंटच्या टाक्यांत, मग ओकच्या पिंपांत मुरतो. यात जादू काहीच नाही. बेरुए यांचं धोरण असं दिसतं, की माणसाने आपला हात जितका कमी दाखवता येईल तितका कमी दाखवावा.

सत्तरच्या दशकात म्वेक्स यांचा मुलगा क्रिस्तियां यांनी कच्चे घड कापून टाकायला सुरुवात केली, म्हणजे उरलेल्यांना जोम मिळावा. जुन्या मंडळींना तो धान्य फेकून देण्यासारखा अधर्म वाटला होता.

---

दिंडोरीचा_बागायतदार

विरळणी! आमच्याकडे पहिल्यांदा घड कमी करायला सांगितले तेव्हा आजी चूल सोडून बांधावर आली होती. "लेकरं कापता का रे?" म्हणाली. आज तीच विरळणी केली नाही तर निर्यातीचा माल होत नाही.

---

मृदगंध

पावसाचा विषय निघालाच आहे तर, १९९२च्या तोडणीआधी पेत्र्युसमध्ये ओळींच्या मधल्या जमिनीवर प्लास्टिक अंथरलं होतं, पावसाचं पाणी मुळांपर्यंत जाऊन मणी पाणचट होऊ नयेत म्हणून. पुढे २००० साली सेंत-एमिलियोंच्या वालांद्रो बागेने आपल्या थोड्या जमिनीवर हेच केलं, तर तिथल्या नियामक संस्थेने त्या वाइनला प्रदेशाचं नाव लावू दिलं नाही. साधी टेबल वाइन म्हणून विकावी लागली. त्यांनी नाव ठेवलं 'लँतेर्दी', म्हणजे निषिद्ध. युक्तिवाद असा, की प्रदेशाचं नाव लावायचं तर त्या वर्षीचं आकाशही त्यात उतरलं पाहिजे. मला हा युक्तिवाद पटतो, पण मी शेतकरी नाही.

---

दिंडोरीचा_बागायतदार

सर, मी शेतकरी आहे आणि मला नाही पटत. आमच्याकडे आता वेलींवर प्लास्टिकचं आच्छादन टाकतात. एकरी खर्च ऐकून पोटात गोळा येतो, पण एक अवकाळी पाऊस त्याहून महाग पडतो. आकाश उतरू द्या म्हणणाऱ्याने आमचा हप्ता भरावा. तुमच्यावर राग नाही, त्या नियमावर आहे.

---

मृदगंध

पटलं. तुमचं म्हणणं माझ्या म्हणण्याहून वजनदार आहे.

---

साखरवेल

अवांतर होईल, पण पेत्र्युस अवकाशातही जाऊन आलंय. नोव्हेंबर २०१९मध्ये २००० सालच्या पेत्र्युसच्या १२ बाटल्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पाठवल्या. चौदा महिने तिथे राहून जानेवारी २०२१मध्ये परत आल्या आणि मार्चमध्ये बोर्दोला जाणकारांनी पृथ्वीवर राहिलेल्या बाटलीशेजारी ठेवून चाखल्या. दोन्ही उत्तम होत्या, पण वेगळ्या. वर राहिलेली थोडी जास्त वयाची वाटली. बाटल्यांच्या पाठोपाठ मेर्लो आणि काबेर्ने सोव्हिन्योंच्या ३२० काड्याही गेल्या होत्या. हवामान बदलतंय, वेलींना ताण सोसायला शिकवता येईल का ते पाहायचं होतं.

---

गारोनकाठ

साखरवेल, अवांतर अजिबात नाही. काल रात्री मी नेमकं त्याबद्दलच वाचत होते. मेर्लो लवकर पिकते म्हणून थंड, चिकण जमिनीत तिचं भलं होतं. आता उन्हाळे तापले, साखर भराभर चढते, वाइनमधला अल्कोहोल साडेचौदा टक्क्यांच्या वर जातो. २०२१पासून बोर्दोच्या साध्या वाइनांत थोड्या प्रमाणात तुरिगा नासिओनालसारख्या बाहेरच्या उष्ण प्रदेशातल्या द्राक्षांनाही परवानगी मिळाली आहे.

आणि अजून एक. बोर्दोत सगळ्यात जास्त लागवड मेर्लोचीच आहे, आणि सध्या तीच सगळ्यात जास्त उपटली जाते आहे. रेड वाइन पिणारे कमी झाले, साध्या बागांचा खर्चही निघेना. २०२३ला बागा काढून टाकण्यासाठी हेक्टरी ६००० युरो मदतीची योजना आली, सुमारे ९५०० हेक्टरांसाठी. परतताना आगगाडीच्या खिडकीतून मी पाहिलं. उपटलेल्या खोडांचे ढीग शेताच्या टोकाला रचून ठेवलेले, काही जळत होते. पोमरोलपासून ते अंतर फार नाही. तिथल्या बागायतदारांना त्या ढिगाशेजारी उभं राहून मादाम लुबांची गोष्ट सांगायची माझी हिंमत होणार नाही.

---

दिंडोरीचा_बागायतदार

नका सांगू ताई. त्यांची मुळं जिवंत असणार, ग्राहक मेलाय. ते दुखणं कलमाने बरं होत नाही. आमच्याकडेही दराने मोडलेल्या बागा आहेत, आणि त्या मोडणाऱ्यांना मी कधी भित्रं म्हणणार नाही.

एक विचारायचं होतं. तिथे ही वाइनची द्राक्षं चिकणमातीत खुंटावर लावतात की स्वमुळावर?

---

मृदगंध

खुंटावरच. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा संपवल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय चालत नाही. म्हणजे १९५६ला मादाम लुबांनी जे वाचवलं ते मूळ अमेरिकन वेलीचं होतं.

---

अरबी_समुद्र

आणि पोमरोलचं आपल्या देशाशी नातंही आहे. पोमरोलच्या बागायतदार घरातले मिशेल रोलाँ १९९०च्या दशकात बंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या ग्रोव्हर बागेचे सल्लागार होते. तीच कंपनी पुढे नाशिक भागातल्या झाम्पा या वाइन कंपनीशी एक झाली. त्यांची 'ला रिझर्व्ह' मी हॉटेलात पहिल्यांदा वाढली ती भारतीय पाहुण्यांना नाही, फ्रेंच जोडप्याला. त्यांनी बाटली उलटी करून मागचं लेबल दोनदा वाचलं होतं.

---

दिंडोरीचा_बागायतदार

आमच्या भागात वाइनसाठी शिराझ, काबेर्ने, शेनिन ब्लाँ जास्त, मेर्लो कमी. पण घराच्या मागच्या बाजूला आमचा एक तुकडा आहे, माथ्यावर, चारी बाजूंनी उतार, आणि माती काळी. वडील तिथे फक्त हरभरा करतात. या धाग्यानंतर काल त्यांना घेऊन गेलो आणि टिकावाने दोन फूट खणलं.

---

मृदगंध

खाली काय लागलं?

---

दिंडोरीचा_बागायतदार

दीड फुटावर मुरूम. निळं काही नाही. तरी वडील म्हणाले, चार ओळी लावून बघू. काड्या कुठे मिळतील याची उद्या चौकशी करतो.

---

गारोनकाठ

दादा, फुटवा आला की फोटो टाका. परभणीला आईला दाखवायचा आहे.